माळावरची पायवाट: सोलापूर प्रकल्पाच्या नोंदी

10 नोव्हेंबर

ग्रुपवर सगळं विखुरलंय, कोणी फोटो टाकतंय कोणी लोकेशन, आणि दोन दिवसांनी शोधायला गेलं की काहीच सापडत नाही, म्हणून आजपासून कामाच्या नोंदी इथे एका जागी. काम काय ते आधी लिहिते. सोलापुरात आणि आसपास पायी फिरता येतील अशा चार निसर्गवाटा नीट आखायच्या, त्यांचे नकाशे करायचे, गरज असेल तिथेच फलक लावायचे आणि आठवी-नववीच्या मुलांना स्वतः वाचून कळेल अशी एक पुस्तिका काढायची. वाटा ठरल्यात त्या अशा, सिद्धेश्वर तलाव आणि भुईकोट किल्ल्याचा परिसर, विजापूर रोडचं वनविहार ते कंबर तलाव, तुळजापूर रोडचा हिप्परगा तलाव आणि नान्नजचा माळ. उजनी मुद्दाम घेतलं नाही, तिथले रोहित बघायला लोक आपणहून जातात आणि अंतरही जास्त आहे.

सोलापुरात बघायला काय आहे, ऊन आणि धूळ, हे वाक्य इथलेच लोक इतक्या सहज बोलतात की पोरांनाही तेच खरं वाटायला लागलंय. निसर्ग बघायचा म्हणजे महाबळेश्वरला जायचं. मला ते पटत नाही आणि हा प्रकल्प त्यासाठीच आहे.

17 नोव्हेंबर

सिद्धेश्वर तलावाची फेरी चालून झाली. वेळ कमी लागला, कारण इथे वाट नव्याने आखायची गरजच नाही. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात गावाभोवती 68 लिंगं स्थापन केली असं आपण लहानपणापासून ऐकतो आणि संक्रांतीच्या जत्रेत नंदीध्वज त्या लिंगांच्या मार्गाने फिरतात. म्हणजे सोलापूरकराला आपल्या गावाला पायी प्रदक्षिणा घालायची सवय आधीपासून आहे. आपण फक्त तलावाच्या बाजूच्या टप्प्यावर पाणी, झाडं, पक्षी यांची माहिती जोडायची. आज काठावर पाणकावळे पंख वाळवत बसलेले, ढोकरी, खंड्या, पाण्यात वारकरी बदकं भरपूर. ती तशी बदकं नव्हेत, पाणकोंबडीच्या कुळातली, काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा. पंढरपूरच्या जिल्ह्यात हे नाव पोरं एकदा ऐकली की विसरणार नाहीत.

फलक इथे एकच पुरे. निर्माल्य आणि प्लास्टिक पाण्यात गेल्यावर काय होतं त्याचा. पाण्यात कुजणारं वाढलं की ते कुजवणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन वापरून टाकतात आणि उन्हाळ्यात पाणी तापून कमी झालं की मासे मरून वर येतात, एवढंच साध्या भाषेत.

24 नोव्हेंबर

वनविहार ते कंबर तलाव. सकाळी चालणारे खूप, त्यामुळे माणसं जमवायची चिंता नाही. मोर ऐकू आले. इथली झाडी बहुतेक लावलेली आहे आणि शहराला लागून सावली हवीच, त्याबद्दल वादच नाही. कंबर तलावाच्या काठाला जिथे पाणवनस्पती दाट आहे तिथे जांभळ्या पाणकोंबड्या अगदी जवळून दिसतात, नवख्या माणसाला हा पक्षी पहिल्याच दिवशी दाखवता येतो म्हणून वाटेचा शेवट तिथेच ठेवलाय. नकाशा झाला. या वाटेचं काम संपलं म्हटलं तरी चालेल.

8 डिसेंबर

हिप्परगा. सरकारी कागदात एकरुख तलाव, आदिला नदीवर बांधलेला, 1871 ला पूर्ण झालेला. म्हणजे दीडशे वर्षांच्या वर झाली आणि इतक्या वर्षांत त्याच्या काठाला, गाळाला आणि पाणथळीला स्वतःचं असं जीवन आलंय. पक्ष्यांना हे धरण माणसाने बांधलंय की देवाने याने काही फरक पडत नाही, उथळ पाणी आणि खायला मिळालं की झालं.

आपली पहिली कल्पना होती की भिंतीवरून चालायचं. वरून सगळा तलाव दिसतो हे खरं, पण उंचावर माणूस आभाळाच्या पार्श्वभूमीवर उभा राहिला की बदकं लांबूनच उठतात आणि आतल्या पाण्यात जाऊन बसतात, मग आपण दुर्बिणीतून काळे ठिपके मोजत बसायचं. त्यापेक्षा पाणी मागे सरतं त्या बाजूला गाळपेरीच्या शेतांच्या बांधाने गेलं तर बाभळीचा आडोसा मिळतो आणि चिखलात चरणारे तुतवार, शेकाटे, पाण्यात थापटे, चक्रवाक हे शांतपणे बघता येतात. गाळपेर करणाऱ्या एका मावशींना विचारलं, बांधावरून पोरं आली तर चालेल का. त्या म्हणाल्या, "येऊ द्या की, हरभरा उपटला नाही म्हणजे झालं." पुस्तिकेत हे वाक्य मोठ्या अक्षरात टाकायचं.

पट्टकादंब दिसले. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राखाडी हंस. तिबेट, मंगोलियाकडच्या तळ्यांवर त्यांची वीण होते आणि हिमालय ओलांडून ते आपल्याकडे थंडीला येतात. संध्याकाळी शेतात चरायला उतरतात, हरभऱ्याचे आणि गव्हाचे कोंब खातात, तेव्हा शेतकऱ्यांचं त्यांच्यावर प्रेम असेलच असं नाही आणि ते आपण लपवूनही ठेवायचं नाही.

अडचणी दोन. काठाला बेशरमीची झुडपं इतकी माजलीत की काही ठिकाणी पाणी दिसतच नाही. आणि मासेमारीची नायलॉनची जुनी जाळी काठावर टाकलेली असतात, त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात. थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळी टाकणाऱ्या भावांशी बोलणं झालं, फाटकी जाळी एका पोत्यात जमवून ठेवायला ते तयार आहेत, न्यायची जबाबदारी आपली. भंगारवाल्याशी कोण बोलणार ते ग्रुपवर ठरवा.

15 डिसेंबर

नान्नज. बार्शी रोडने वीसेक किलोमीटर. खरं सांगायचं तर बाकीच्या तीन वाटा मला आवडतात पण हा प्रकल्प मी या माळासाठी सुरू केला.

माळढोक अभयारण्य 1979 ला जाहीर झालं तेव्हा ते 8,496 चौरस किलोमीटर होतं, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत पसरलेलं, ज्यात गावं, शेतं, बाजारपेठा सगळंच आलं. घर बांधायचं, विहीर खणायची तर परवानगी, त्यामुळे लोकांच्या मनात पक्ष्याबद्दलच राग बसला. पुढे क्षेत्र कमी करून 1,222 चौरस किलोमीटरच्या आसपास आणलं. प्रत्यक्षात जपलेला माळ म्हणजे नान्नज, मार्डी, वडाळा, कारंबा, अकोलेकाटी या भागातले वनखात्याचे तुकडे, आणि त्यांच्या मधे ज्वारी, तूर, ऊस, द्राक्षं.

माळढोक दिसेल का, हा पहिला प्रश्न सगळे विचारणार. उत्तर खरं द्यायचं, बहुतेक दिसणार नाही. मीटरभर उंचीचा, नर पंधरा किलोपर्यंत जाणारा हा पक्षी देशात आता दीडशेच्या आत उरलाय आणि त्यातले जवळपास सगळे राजस्थानात. 1980 च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे (बीएनएचएस) अभ्यासक याच नान्नजला राहून माळढोकाचा अभ्यास करत होते. नर गळ्याची पिशवी फुगवून जमिनीपर्यंत लोंबती सोडतो आणि घुमतो, तो आवाज लांबवर जातो, इथल्या जुन्या माणसांनी तो ऐकलाय. मादी उघड्या जमिनीवर एकच अंडं घालते. एकच. कुत्र्याने खाल्लं, बैलाच्या पायाखाली आलं की त्या विणीचं सगळं गेलं. त्यात हा पक्षी जड आणि त्याला समोरचं नीट दिसत नाही, उडताना नजर खाली जमिनीकडे, त्यामुळे विजेच्या तारांवर आदळून मरतो. राजस्थान-गुजरातच्या तारांबद्दल सर्वोच्च न्यायालयाला 2021 मध्ये आदेश द्यावा लागला तो यामुळेच.

पण माळढोक नाही म्हणजे माळ रिकामा असं नाही. आज गेटवर नोंद करून वनरक्षक दादांबरोबर ठरलेल्या वाटेने चाललो. काळविटांचा कळप, त्यात एक पूर्ण काळा नर मान मागे टाकून फिरत होता. त्याची लेंड्यांची ठरलेली जागा दादांनी दाखवली, रोज तिथेच येऊन टाकतो, दुसऱ्या नरांसाठी ती हद्दीची खूण. खोकडाचं बीळ. लांडग्याचे ठसे धुळीत, कुत्र्यासारखेच पण सरळ एका रेषेत चाललेले. धाविक पक्षी गवतात पळतोय थांबतोय पळतोय. आणि चंडोल किती तरी.

गवताची नावं मात्र आमच्यातल्या कुणालाच धड येत नव्हती. शेजारच्या मेंढपाळ अण्णांनी सांगितली. हे पवन्या, ही कुसळी, हे मारवेल, मारवेल जनावर आधी खातं, कुसळी फुलायच्या आधीच चारायची नाहीतर कुसळं तोंडाला लागतात. त्यांचं सगळं रेकॉर्ड केलंय. पुस्तिकेचं गवताचं पान त्यांच्या सांगण्यावरूनच लिहायचं.

29 डिसेंबर

पैशाची बैठक झाली. एक उद्योजक पुस्तिका आणि फलकांचा सगळा खर्च द्यायला तयार आहेत, माणूस मनापासून बोलतो, त्यांना सोलापूरसाठी काहीतरी करायचंय. अट एकच, नान्नजच्या वाटेच्या दोन्ही बाजूंनी हजार झाडं लावायची, ड्रिप पण देतो म्हणाले. "मॅडम, उघडं माळरान आहे ओ, पोरं उन्हात भाजतील, हिरवं करून टाकू."

नाही म्हणाले. बैठकीत शांतता झाली. आपल्यातल्याही दोघांना वाटलं की चाललेलं काम मोडतंय, म्हणून कारण इथे सविस्तर लिहून ठेवते.

आपल्याकडे वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक पावसाळ्याच्या चार महिन्यांत आणि त्यातही खंड पडत पडत. खाली बेसाल्ट, वर कुठे वीतभर माती, कुठे तीही नाही, नुसता मुरूम. अशा जमिनीवर जे टिकतं ते गवत, अधेमधे एखादी बोर, एखादा हिवर. हा माळ जंगल तुटून झालेला नाही, तो हजारो वर्षं माळच आहे आणि त्याचे प्राणी उघड्यावर जगायला घडलेत. काळवीट लांबून लांडगा बघून पळतं, त्याला झाडी म्हणजे धोका. माळढोक तर दाट झाडीत पायच ठेवत नाही. झाडं लावली की सावलीखाली गवत विरळ होतं, फांदीवर कावळे आणि शिक्रे बसायला जागा होते आणि खाली उघड्यावरच्या अंड्यांवर, पिल्लांवर त्यांची नजर जाते. हे आधी झालेलंही आहे. अवर्षणप्रवण भागाच्या जुन्या योजनांमध्ये या माळाच्या तुकड्यांवर चर खणून ग्लिरिसिडिया आणि इतर झाडं लावली गेली, हेतू चांगलाच होता, नंतर तीच झाडं माळढोकाच्या अधिवासात अडचण झाली आणि ती काढण्याची चर्चा अभ्यासकांना करावी लागली.

आणि सरकारी नकाशांमध्ये असे माळ पडीक जमिनीच्या यादीत जातात. एकदा पडीक ठरलं की ते कुणालाही काहीही करायला मोकळं, सोलर, कारखाना, नाहीतर वृक्षारोपण. आपणच तिथे झाडं लावून दिली तर ही जागा सुधारायला हवी होती असं आपण मान्य केल्यासारखं होईल. पैसे गेले तरी चालतील, हे आपण करायचं नाही.

त्यांना एवढंच म्हटलं की एकदा संध्याकाळी माळावर चला, मग ठरवा. हो म्हणालेत.

5 जानेवारी

ते आले. मिसेसना आणि आईंनाही घेऊन आले, आई नान्नजजवळच्याच एका गावच्या निघाल्या आणि त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

चारच्या पुढे गेलो. भोवत्यांसाठी. हे शिकारी पक्षी थंडीत मध्य आशियातून येतात, दिवसभर शेतांवरून, माळावरून खाली खाली तरंगत टोळ, सरडे, उंदीर पकडतात, आणि रात्री झाडावर जात नाहीत, उंच गवतात जमिनीवरच झोपतात. तेही एकत्र. ऊन कलायला लागलं तसे एकेक करून यायला लागले, आधी घिरट्या घालतात, जागा बघतात, परत उठतात, मग उतरतात. राखाडी नर, तपकिरी माद्या. बोलायचं कुणी थांबवलं नव्हतं पण सगळे गप्प झाले.

मग मी विचारलं, इथे झाडांची रांग असती तर हे कुठे उतरले असते. त्यांनी उत्तर दिलं नाही. आई बोलल्या. "आमच्या वेळी ह्या माळावर गवत कापायला यायचो, पेंढ्या बांधून न्यायचो, दुष्काळात सगळ्या गावाची जनावरं ह्याच्यावर जगली. झाड नव्हतं म्हणून काय माळ वाईट होता का रे?"

गाडीत बसताना ठरलं. पैसे देणार, झाडं माळावर नाहीत. झाडं लावायचीच तर विजापूर रोडच्या बाजूला कडुनिंब आणि वड, जिथे लोक बसची वाट बघत उन्हात उभे असतात, तिथे सावली खरंच हवीय. हे फार चांगलं झालं, कारण त्यांची इच्छाही राहिली आणि योग्य जागी गेली.

19 जानेवारी

जत्रेमुळे मधे काम थांबलं होतं, थांबायलाच पाहिजे.

फलकांचं ठरलं. फ्लेक्स नाही, आपल्या उन्हात एका उन्हाळ्यात रंग उडतो आणि चिंध्या वाऱ्याने माळावर पसरतात. लोखंडी पत्रा आणि खांब पण नाही, कारण वर लिहिलंच, खांब म्हणजे कावळ्याला बसायला जागा. शहाबादी फरशी वापरायची. आपल्याकडे शहाबादवरून सहज येते, स्वस्त पडते, उन्हाला दाद देत नाही. अक्षरं कोरून त्यात पांढरा रंग, आणि फरशी जमिनीत सपाट बसवायची, किंचित कलती, म्हणजे पाणी साचणार नाही. लांबून दिसणार नाही अशी तक्रार आली, पण लांबून दिसावी अशी आपली इच्छाच नाही. चालणाऱ्याला पायाशी आल्यावर दिसली की पुरे. खोदकाम करणारे काका एरवी देवळाच्या पायऱ्यांवर नावं कोरतात, त्यांनी नमुना करून दिलाय, अक्षर सुरेख आहे.

हुरड्याचा सीझन सुरू आहे. बार्शी रोडच्या कडेला पार्ट्या चालू आहेत, मालदांडीचा हुरडा, शेंगाचटणी, दही, सगळं मस्त, मलाही आवडतं, पण पत्रावळी आणि उरलेलं अन्न बांधावर टाकून दिलं की मोकाट कुत्री जमतात आणि ती तिथेच मुक्काम करतात. माळावरच्या जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांना आणि काळविटांच्या पिलांना आज सगळ्यात मोठा त्रास या कुत्र्यांचा आहे, लांडग्याला पण, कारण कुत्र्यांचे रोग त्याला लागतात. म्हणून नियम, नान्नजच्या वाटेवर काहीही खायचं नाही, फक्त पाणी. शेतमालकांशीही बोलायचंय, कचरा पोत्यात भरून ठेवा म्हणून.

2 फेब्रुवारी

नववीच्या मुलांबरोबर नान्नजची वाट चालून बघितली. सुरुवातीला पोरं कंटाळली, हे मान्य करू. "इथं काय हाय बे," असं मागून ऐकू येत होतं. मग एक मीटर बाय एक मीटरचा दोरीचा चौकोन प्रत्येक गटाला दिला आणि सांगितलं की याच्या आत जे जे वेगळं दिसेल ते लिहा, नाव माहीत नसलं तरी चालेल, चित्र काढा. गवत किती प्रकारचं, किडे, बिळं, लेंड्या, पिसं. अर्ध्या तासाने कुणी उठायला तयार नाही.

सगळ्यात जास्त रंगलं ते कुसळ. मोज्यात घुसलेलं कुसळ काढून ओल्या बोटावर ठेवायचं. त्याची शेपटी पिळलेली असते, ओल लागली की ती उलगडत गरगर फिरते, आणि टोकाला उलटे केस असतात, त्यामुळे बी पुढेच सरकतं, मागे येत नाही. पहिल्या पावसात अशाच पद्धतीने ते स्वतःला मातीत पेरतं. पोरांनी प्रत्येकाने करून बघितलं. एक मुलगी म्हणाली, मॅडम हे तर मशीन आहे. पुस्तिकेत हा प्रयोग पहिल्या पानावर घ्यायचा ठरलं, माळढोकाच्या आधी.

23 फेब्रुवारी

वाटेला लागून शेत असलेल्या एका दादांकडे बराच वेळ बसलो. ते रागावलेले होते आणि राग बरोबर आहे. काळविटं रात्री शेतात शिरतात, तुरीचे शेंडे आणि ज्वारीचे कोवळे कोंब खाऊन जातात, नुकसानभरपाईचे कागद करायचे तर चकरा मारायला दिवस जातो. "तुम्ही फोटो काढायलात, आम्ही राखण करायलोय." म्हातारी माणसं अजून काळविटाला मारत नाहीत, देवाचं जनावर म्हणतात, पण पुढची पिढी किती दिवस सोसेल.

यावर आमच्याकडे मोठा उपाय नाही. छोटं एक करता येईल. आमच्यातले दोघे ऑनलाइन अर्ज, फोटो, सातबारा, पंचनाम्याची तारीख हे सगळं करून द्यायला दर महिन्याला गावात एक दिवस बसतील. आणि वाटेवर येणाऱ्यांना ज्वारी, शेंगाचटणी, तुरीची डाळ विकत घ्यायची असेल तर या शेतांवरूनच घ्यायची, त्यासाठी नावं आणि फोन न छापता गावातली एक जागा नकाशावर दाखवायची. दादांनी होकार दिला नाही, बघू म्हणाले. पुढच्या महिन्यात परत जायचं.

16 मार्च

वाट बदलली. गेटपासून पुढे मुरमाड उघड्या पट्ट्यावरून जी वाट आखली होती तिथे माळटिटवी ओरडत अंगावर आली. वनरक्षक दादा लगेच म्हणाले थांबा, अंडी असणार. जमिनीवर खडे गोल रचलेले, त्यात चार अंडी, रंग हुबेहूब मुरमाचा, दोन फुटांवर असून दिसत नव्हती. धाविकसुद्धा उन्हाळ्यात अशाच जागी अंडी घालतो. म्हणजे मार्चपासून पावसाळा संपेपर्यंत हा पट्टा चालायचा नाही. उन्हात तापलेल्या जमिनीवर पक्षी अंड्यांवर बसतो तो सावली धरायला, तो आपल्यामुळे अर्धा तास उठला तरी आतलं पिल्लू मरू शकतं.

आता वाट जुन्या बैलगाडीच्या चाकोरीने जाते, तिथे जमीन आधीच तुडवलेली आहे. थोडा वळसा पडतो, पण एकदा ठरलं की चाकोरीच्या बाहेर पाय नाही. दोन फरश्या उचलून नव्या जागी बसवल्या, काकांना जादा पैसे दिले.

20 एप्रिल

पारा 43 च्या वर. उन्हाळ्यात वाट सकाळी साडेआठला बंद, असं पुस्तिकेत स्पष्ट लिहायचं, मुलं असतील तर आठलाच. टोपी, पाणी, मीठ-साखर. इथे कुणी बेशुद्ध पडलं तर सावली नाही आणि ती आपण करणारही नाही, तेव्हा वेळ पाळणं हाच उपाय.

पण एप्रिलचा माळ ज्याने बघितला नाही त्याने फार काही बघायचं ठेवलंय. सरड्याचे नर दगडावर चढून गळ्याचा पंखा उघडतात, निळा, काळा, केशरी, सगळा माळ पिवळा पडलेला असताना तो रंग डोळ्यात घुसतो. पाणवठ्यावर पखुर्ड्या, गावात भट तितर म्हणतात त्या, सकाळी ऊन वर आल्यावर थव्याने येतात. घोट घेतात आणि उडतात. नर मात्र पोटाची पिसं पाण्यात बुडवून भिजवतो आणि ते पाणी कोसभर लांब पिलांना नेऊन पाजतो, पिलं त्याच्या पिसांतून चोखून पितात. त्यामुळे पाणवठ्यापासून लांबच थांबायचं, तिथे बसून फोटो काढायचे नाहीत, थवा घाबरून पाणी न पिता गेला तर तिकडे पिलं तहानेलेली राहतात. ही फरशी कोरून झाली, बसवायची आहे.

पाणवठे वाढवू, टँकर आणू, असा फोन एका मंडळाचा आला होता. वनखात्याला विचारल्याशिवाय काहीही करायचं नाही. जागोजागी पाणी ठेवलं तर कुत्रीही तिथेच येतात.

फेब्रुवारीतल्या दादांकडे गेलो होतो. तुरीचा अर्ज भरून दिला. वाटेला होकार अजून नाही, पण चहा केला.

8 जून

मृगाच्या तोंडावर दोन चांगल्या सरी झाल्या. नान्नजची वाट आजपासून बंद, थेट दिवाळीनंतर उघडेल. पावसाळा हा माळढोकाच्या विणीचा काळ, आणि एखादा जरी पक्षी या भागात फिरत असला तरी त्याला हा माळ शांत मिळायला हवा. काहींनी विचारलं, पक्षीच नाहीत तर बंद कशाला. माझं म्हणणं, जागा तयार ठेवल्याशिवाय पक्षी परत येण्याची गोष्टच करता येत नाही. राजस्थानात संवर्धन केंद्रात माळढोकाची पिल्लं वाढवली जातायत, उद्या कधी ती मोकळी सोडायची वेळ आली तर त्यांना माळ लागणार, तारा नसलेला, कुत्री नसलेली जागा लागणार, आणि ती एका वर्षात होत नाही.

पुस्तिकेची पहिली छपाई झाली. गवताचं पान अण्णांना वाचून दाखवलं, त्यांनी मारवेलच्या चित्रात दुरुस्ती सांगितली, तुरा असा उभा नसतो म्हणाले, पुढच्या छपाईत करायची. कडुनिंब आणि वडाची रोपं विजापूर रोडला पावसाचा जोर धरला की लावायची, खड्डे झालेत, संरक्षक जाळ्या यायच्या आहेत. हिप्परग्याच्या काठाची फाटकी जाळी चार पोती जमलीत, भंगारवाला किलोने घ्यायला तयार आहे. बेशरम काढायचं काम पाणी कमी होतं त्या दिवसांतलं, म्हणजे आता पुढच्या उन्हाळ्यात.

वनविहार, सिद्धेश्वर आणि हिप्परगा या तीन वाटा पावसाळ्यातही चालू राहतील. हिप्परग्याला बांध निसरडे होतात, लहान मुलांना नेऊ नका. सांडवा वाहत असेल तर त्या बाजूला अजिबात जायचं नाही.

नोव्हेंबरसाठी गवत ओळखणारी माणसं हवीत, वय कितीही चालेल. गावात कोणी मेंढपाळ, गवत कापणाऱ्या आजी, पेंढ्या विकणारे काका माहीत असतील तर ग्रुपवर नुसतं गाव लिहा, आम्ही जाऊन भेटू.